शिफारसपत्र नको, पोच द्या
वाचकांचे सवाल, आमचे जवाब

कोल्हापूर शहर आणि करवीर तालुक्यातून या वेळी जी पत्रं आली, त्यांत काम वेगवेगळं होतं, पण अडवणूक एकाच जातीची. घरफाळ्यावरचं (मालमत्ता करावरचं) नाव असो, गल्लीतला रस्ता असो, दूध संस्थेतला फॅट असो, मध्ये कुणीतरी "साहेबांचा माणूस" उभा आहे आणि त्याच्याशिवाय पान हलत नाही असं पत्रलेखकांना सांगितलं गेलं आहे. त्यातली काही पत्रं निवडून उत्तरं देत आहोत. नावं वगळली आहेत.

वडील वारले. घरफाळ्याला आईचं आणि आम्हा दोघा भावांचं नाव लावायचं आहे. क्लार्क म्हणतो, "आधी नगरसेवकांचं पत्र आणा." त्यांच्या ऑफिसातला माणूस म्हणतो, "पाच हजार ठेवा, आठवड्यात करून देतो." पत्राशिवाय काम होईल का? — वाचक, शिवाजी पेठ

होईल, आणि पत्राशिवायच करून घ्या. वारसाहक्काने नाव लावायला नगरसेवकाची शिफारस लागत नाही. लागतात ती कागदपत्रं अशी: मृत्यू दाखला, चालू वर्षापर्यंत घरफाळा भरल्याची पावती, प्रॉपर्टी कार्डाचा उतारा, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आणि एखादा वारस नाव लावून घेणार नसेल तर त्याची लेखी संमती. वारसांत वाद असेल तर मात्र महापालिका न्यायालयाचा वारस दाखला मागू शकते. तिथे कुणाच्याही पत्राचा उपयोग नाही.

काम अडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर. लोक अर्ज घेऊन थेट क्लार्कच्या टेबलावर जातात, तो कागद चाळतो, "हे नाही, ते नाही" म्हणतो आणि अर्ज परत हातात देतो. त्या दिवशी तुम्ही तिथे गेला होतात याचा कुठेच पुरावा राहत नाही. म्हणून अर्ज नागरी सुविधा केंद्रात किंवा आवक-जावक टेबलावरच द्या. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्क्यात क्रमांक नसेल तर हाताने लिहून मागा. तारखेशिवायच्या नुसत्या गोल शिक्क्याला पुढे अपिलात काही किंमत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे. मालमत्ता हस्तांतरणाची नोंद ही त्याखालची अधिसूचित सेवा आहे. किती दिवसांत काम व्हायचं, जबाबदार अधिकारी कोण आणि अपील कुणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. त्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. फलक नसेल तर तो का नाही, हाच तक्रारीचा पहिला मुद्दा करा.

दुसरी अडवणूक त्रुटींची. आज सांगतात पावती आणा, पुढच्या खेपेला सांगतात प्रतिज्ञापत्र, त्याच्या पुढच्या खेपेला नकाशा. यावर एकच ओळ लिहून द्या: "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जात असलेल्या सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात." याचीही पोच घ्या. लेखी द्यायची वेळ आली की बनावट त्रुटी गळून पडतात, कारण कागदाखाली सही करावी लागते.

मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. तिथे समाधान झालं नाही तर त्या निर्णयापासून ३० दिवसांत दुसरं, आणि त्यानंतर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. विनाकारण उशीर लावणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम फार नाही, पण तो व्यक्तिशः भरावा लागतो आणि सेवेच्या नोंदीला चिकटतो. म्हणून पहिल्या अपिलाची नोटीस निघाली की फाईल बहुधा हलते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. घरफाळ्याला नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं नाही. मालकीची नोंद नगर भूमापन कार्यालयात प्रॉपर्टी कार्डावर होते, तिचा वारस अर्ज वेगळा. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका, नाहीतर एका कार्यालयात दुसऱ्याची अडचण सांगून वेळ काढतात.

शाळेच्या आणि इतर दाखल्यांसाठी दर वेळी नगरसेवकाच्या लेटरहेडवर रहिवासी पत्र मागतात. ते खरंच लागतं का? — गृहिणी, राजारामपुरी

बहुतेक ठिकाणी नाही. राज्य शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच्या सहीने साक्षांकित केलेल्या प्रती चालतील असं ठरवून दिलं आहे. आधारवरचा पत्ता बदलताना लोकप्रतिनिधीचं प्रमाणपत्र चालतं, पण तो अनेक पर्यायांपैकी एक आहे. वीजबिल, बँक पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार हेही चालतात. लेटरहेडसाठी रांग लावू नका. त्या रांगेत नाव, फोन नंबर आणि घरातली मतं लिहून घेतली जातात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आमच्या गल्लीत मे महिन्यात डांबरीकरण झालं. "साहेबांच्या प्रयत्नातून" असा बोर्डही लागला. जुलैच्या पावसात रस्ता उखडला. ठेकेदार साहेबांच्या जवळचा आहे म्हणतात. कुठून सुरुवात करायची? — वाचक, कसबा बावडा

ठेकेदार कुणाचा जवळचा, हे सिद्ध करायच्या मागे लागू नका. ते अवघड असतं आणि त्यातून वैर वाढतं. रस्ता किती जाडीचा मंजूर झाला आणि किती पडला, हे मात्र मोजता येतं. तिथे नातंगोतं मधे येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. यापेक्षा लांब झाला की तेवढ्यावर परत येतो. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी माफ आहे, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात. मजकूर असा ठेवा:

"प्रभागातील अमुक चौक ते अमुक घर या रस्त्याच्या डांबरीकरण कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणी अहवाल, आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारनाम्याचे पान."

एवढंच. "रस्ता का खराब झाला?" असा प्रश्न अर्जात घालू नका. कारणं आणि मतं मागितली की अर्ज बाजूला टाकायला निमित्त मिळतं. कागद मागा.

३० दिवसांत माहिती यायला हवी. आली नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप लावून. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. आयोगाकडे तारीख लागायला वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. अर्धी प्रकरणं तिथेच सुटतात, कारण समोर माणूस बसलेला असतो.

कागद हातात आले की हिशोब सोपा आहे. समजा अंदाजपत्रकात १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३० मिलिमीटर जाडीचा थर आहे. १०० गुणिले ४ गुणिले ०.०३ म्हणजे १२ घनमीटर. दाबून बसलेलं डांबरी मिश्रण घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन भरतं, म्हणजे जवळपास २८ टन माल. दहा टनी डंपर धरला तर तीन खेपा. गल्लीत एकच डंपर आला असेल आणि मोजमाप पुस्तिकेत पूर्ण जाडी लिहिली असेल तर तक्रार तयार आहे. उखडलेल्या कडेला स्टीलची पट्टी उभी धरून पाच-सहा ठिकाणी जाडी मोजा, पट्टीवरचा आकडा दिसेल असे फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोत एखादं घर किंवा खांब ओळखू येईल असं पाहा. मग "कोअर कटिंग करून (रस्त्याचा गोल तुकडा कापून) त्रयस्थ संस्थेकडून जाडी तपासावी" अशी लेखी मागणी आयुक्तांकडे आणि शहर अभियंत्यांकडे करा. आपल्याकडे एवढी तंत्रनिकेतनं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, त्यांच्याकडून तपासणी करून घेणं मुळीच अशक्य नाही.

रस्ता का उखडतो, हेही माहीत असलेलं बरं, म्हणजे पुढच्या वेळी काम चालू असतानाच उभं राहता येईल. जुना थर झाडून घेतलेला नसतो, त्यावर डांबराचा पातळ फवारा मारलेला नसतो, मग नवा थर खालच्याला धरतच नाही आणि पापुद्र्यासारखा निघतो. मिश्रण लांबच्या प्लँटवरून येता येता गार होतं. अंथरताना ते १४० अंशांच्या आसपास हवं. ९० च्या खाली गेल्यावर रोलर फिरवला तरी खडी आत बसत नाही. आणि कडेची गटार तुंबलेली असेल तर पाणी रस्त्यावरच थांबतं. आपल्या पावसात तसा रस्ता एक हंगामसुद्धा काढत नाही.

दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची आहे. तोवर त्याची अनामत रक्कम महापालिकेकडे असते. लोक गप्प बसले की कालावधी संपतो, अनामत परत जाते आणि तोच रस्ता नव्या निविदेत येतो. म्हणून तक्रारीत मागणी स्पष्ट लिहा: दुरुस्ती होईपर्यंत अनामत परत करू नये.

आणि बोर्डाबद्दल. खासदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आणि आमदारालाही ५ कोटी मिळतो. तो सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुमच्या-आमच्या करातला. लोकप्रतिनिधी काम सुचवतो, मंजुरी आणि पैसे जिल्हा प्रशासन देतं. काम सुचवल्याबद्दल आभार मानायला हरकत नाही, पण उपकार म्हणून घेऊ नका. कामाच्या जागी लावायच्या फलकावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्व एवढं हवं. तो फलक मागा.

आमच्या तालमीच्या गणपतीला एक नेते दरवर्षी मोठी रक्कम देतात. फुटबॉलच्या पोरांना जर्सी, बूट तेच देतात. आता मोर्चाला, मिरवणुकीला पोरं पाठवा म्हणतात, आणि नाही म्हणायची सोय राहिलेली नाही. मंडळ बंद पडू न देता यातून कसं निघायचं? — एका तालीम मंडळाचा पदाधिकारी, मंगळवार पेठ

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. कोल्हापूरच्या तालमींनी या शहराला मल्ल दिले, खेळाडू दिले, महापुरात पाण्यात उतरणारी पोरं दिली. त्या तालमी कुणाच्या तरी मोर्चाची भरती केंद्रं होऊ नयेत असं वाटणारा माणूस आत बसला आहे, हे महत्त्वाचं आहे.

आधी पैशाचं. एका वर्षात मोठा देणगीदार सोडू नका, मंडळ कोसळेल. पहिल्या वर्षी ठराव करा की कोणत्याही एका व्यक्तीकडून एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही. हा ठराव कार्यकारिणीच्या बैठकीत वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. मग नकार तुम्ही एकट्याने देत नाही, मंडळाचा नियम देतो. गल्लीतल्या २०० घरांनी तीनशे रुपये दिले तर साठ हजार होतात. मांडव, मूर्ती आणि प्रसाद त्यात बसतात. बसत नाही ती साऊंड सिस्टीम. खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा तिचाच असतो, आणि आवाजाची मर्यादा ओलांडल्याचा गुन्हा दाखल होतो तेव्हा नाव मंडळाच्या अध्यक्षाचं लागतं, देणगीदाराचं नाही. ती काढली की अर्धं ओझं उतरतं.

मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी खाली ती मिळते. पावतीपुस्तकाला क्रमांक घाला, जमाखर्च अनंत चतुर्दशीनंतर तालमीच्या भिंतीवर लावा. हिशोब उघडा दिसला की पुढच्या वर्षी वर्गणी वाढते.

फुटबॉलचं वेगळं धरा. जर्सीवर नाव हवं असेल तर दुकानदाराकडून, कारखानदाराकडून वर्षाचा लेखी करार करा: अमुक रक्कम, अमुक जागा, अमुक हंगाम. दुसरी कुठलीही अपेक्षा नाही, हे करारातच लिहा.

आता पोरांचं, आणि हे सगळ्यांत गंभीर आहे. मोर्चात दगड पडला, बाचाबाची झाली की व्हिडिओत जे दिसतात त्यांच्यावर गुन्हा दाखल होतो. बेकायदा जमाव, दंगल, शासकीय कामात अडथळा, ही कलमं लागली की खटला वर्षानुवर्षं चालतो. तुमच्या तालमीतली पोरं पोलीस भरतीच्या, सैन्य भरतीच्या तयारीला लागलेली असतील. पहाटे उठून धावतात, ग्राउंड मारतात. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा निघतो आणि नेमणूक अडकते. माहिती लपवली तर तेच स्वतंत्र कारण होऊन नोकरी जाते. वकिलाचा खर्च नेता पहिल्या तारखेला देतो, दहाव्या तारखेला फोन उचलत नाही. हे पोरांच्या आई-वडिलांना बोलावून, त्यांच्यासमोर सांगा. पोरांना सांगून कळणार नाही ते आईला सांगून कळेल.

माझ्या गावात दूध संस्थेचा चेअरमन म्हणतो, आमच्या गटाला साथ दे, नाहीतर दूध घेणार नाही. विरोधात बोललो त्या आठवड्यापासून फॅटही कमी लागतोय. — दूध उत्पादक, करवीर तालुका

दोन वेगळे प्रश्न आहेत, वेगळेच ठेवा.

फॅटचा पुरावा तुम्हाला स्वतः गोळा करावा लागेल. रोजच्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर चारही आकडे हवेत, तोंडी सांगितलेले चालणार नाहीत. म्हशीच्या दुधाचा मूळ दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला धरतात, गाईचा ३.५ आणि ८.५ ला. नमुना घेण्याआधी दूध खालीवर ढवळलं पाहिजे. साय वर येते, त्यामुळे न ढवळता तळातून नमुना घेतला की फॅट कमी दिसतो. मशीन आधीच्या नमुन्यानंतर धुतलं नसेल तरी आकडा चुकतो. आठवडाभर त्याच वेळी त्याच दुधाचा अर्धा नमुना जवळच्या दुसऱ्या संस्थेत किंवा खासगी डेअरीवर तपासून घ्या आणि दोन्ही पावत्या शेजारी लावा. दोन-तीन दशांशाचा फरक मशीनचा असू शकतो. रोज एकाच बाजूला पाच-सहा दशांश पडत असतील तर ती चूक नव्हे. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का तेही पाहा.

दूध न घेण्याची धमकी पोकळ आहे. सभासदाला संस्थेतून काढायचं तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांश मतांचा ठराव लागतो, आधी सभासदाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि निबंधकांची मान्यता लागते. चेअरमनच्या एकट्याच्या तोंडी हुकमाने काहीच होत नाही. पुढच्या वेळी संकलनाला दूध नाकारलं तर कॅन तिथेच ठेवून नकार लेखी मागा, दोन सभासद साक्षीला ठेवा, आणि त्याच दिवशी सहायक निबंधक (दुग्ध) यांच्याकडे तक्रार द्या.

याच्या मुळाशी काय आहे, ते आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जिल्हा पातळीवरच्या दूध संघाच्या निवडणुकीत प्रत्येक प्राथमिक संस्थेचा एक प्रतिनिधी मतदान करतो आणि त्याच्या नावाचा ठराव संस्थेची समिती करते. ठराव ज्याच्या खिशात, त्याला भाव. म्हणून गावातली छोटी संस्था ताब्यात ठेवायला एवढा आटापिटा चालतो. सभासद म्हणून तुम्ही कलम ३२ खाली संस्थेचे उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी मागू शकता. म्हशीच्या कर्जाचा हप्ता दूधबिलातून कापला जात असेल तर त्या खात्याचा उतारा तर नक्की घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. तिथे उठून एकच प्रश्न विचारा: ठराव कुणाच्या नावाने केला, कोणत्या तारखेच्या बैठकीत केला, आणि त्या बैठकीला कोण हजर होतं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. दहा उत्पादकांनी मिळून विचारलं तर फॅटचा सूड एकट्यावर उगवता येत नाही.

निवडणुकीत पाकीट घ्यायचं आणि मत आपल्या मनाने द्यायचं, असं बरेच जण सांगतात. यात चूक काय? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, ताराबाई पार्क परिसर

भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पण कायद्यापलीकडचं कारण जास्त मोठं आहे. पाकिटांचा खर्च करणारा तो निवडून आल्यावर वसूल करतो, आणि वसुलीची जागा म्हणजे वर लिहिलेला ३० मिलिमीटरचा थर. शिवाय पाकीट वाटणाऱ्याकडे घरनिहाय यादी असते. त्या यादीत तुमच्या घरापुढे खूण झाली की पाच वर्षं गटारीची तक्रार करायला गेल्यावर "घेतलं होतं की" असं ऐकावं लागतं.

मत कुणाला दिलं हे कुणालाही कळत नाही. "आम्हाला मशीनवरून कळतं" ही निव्वळ धमकी आहे. महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं, तेव्हा "पॅनेल टू पॅनेल", म्हणजे सगळी मतं एकाच पॅनेलला, दाबायचं बंधन नाही. प्रत्येक जागेचा विचार स्वतंत्र करा.

वाटप दिसलं तर व्हिडिओत जागा, वेळ आणि गाडीचा नंबर येऊ द्या. विधानसभा-लोकसभेला भारत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करता येते. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे आणि आचारसंहिता पथकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच ठेवा.

महाद्वार रोडच्या बाजूला हातगाडी लावतो. एक जण "वरून सांगितलंय" म्हणत रोजचे पैसे नेतो. दिले नाहीत तर अतिक्रमणाची गाडी येते. — फेरीवाला

तो माणूस सरकारी नोकर नसला तरी सुटत नाही. सरकारी माणसाकडून काम करून देतो म्हणून पैसे घेणारा दलालही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ ए मध्ये येतो. नगरसेवक हा लोकसेवक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. कोल्हापुरात त्यांचं युनिट आहे, तिथे समक्ष जाणं जास्त चांगलं.

पुढे काय होतं ते समजून घ्या, म्हणजे भीती राहणार नाही. तक्रार लिहून घेतात. मग पडताळणी: तुमच्याजवळ रेकॉर्डर देऊन पंचांसमक्ष बोलणं करायला लावतात, त्यात मागणी स्पष्ट आली पाहिजे. सापळ्याच्या दिवशी नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहून त्यांना फिनॉल्फ्थेलिन पावडर लावतात. ती डोळ्यांना दिसत नाही. घेणाऱ्याचे हात नंतर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होतं. तुम्ही स्वतःहून पैसे पुढे करायचे नाहीत, त्याने मागितल्यावरच द्यायचे. मागणी सिद्ध झाली नाही तर खटला न्यायालयात टिकत नाही. बहुतेक सापळे इथेच फसतात.

मुदत पाळा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणून आजच जा.

सोबत पथविक्रेता कायदा २०१४ खालचं तुमचं प्रमाणपत्र आहे का पाहा. सर्वेक्षणात नाव नसेल तर नगर पथविक्रेता समितीकडे अर्ज करा. तिच्यावर किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच निवडून आलेले असावे लागतात. माल उचलला तर जप्त मालाची यादी जागेवर सही करून मिळाली पाहिजे. नाशवंत माल मागणी केल्या दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा.

मी तक्रार केली तर माझ्या घराचं वाढीव बांधकाम काढतील, असं ऐकवलं गेलं. गप्प बसू का? — वाचक, फुलेवाडी

ही खरी नस आहे. आपली एक पत्र्याची खोली किंवा थकलेली पाणीपट्टी, हीच त्यांच्या हातातली दोरी असते. म्हणून लढाईची तयारी घरापासून करा. घरफाळा, पाणीबिल चालू ठेवा. गुंठेवारीतलं घर ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं असेल तर नियमितीकरणाचा अर्ज टाका आणि चलनाची पावती जपा. वाढीव बांधकाम नियमात बसतं का हे परवानाधारक अभियंत्याकडून एकदा तपासून घ्या. बसत नसेल तर तक्रारीवर पहिली सही तुमची नको, शेजाऱ्याची असू द्या, तुम्ही कागद तयार करा.

एकट्याने जाऊ नका. अर्जावर गल्लीतल्या पंधरा-वीस सह्या, प्रत्येकाचा पत्ता, आणि सगळ्या पक्षांची माणसं. या शहरातल्या रस्त्यांवर लावलेला टोल गेला तो असाच. सर्वपक्षीय कृती समिती, त्यात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं, आणि त्यांच्यामागे पेठापेठांतल्या तालमी, दुकानदार, घरातल्या बायका. करारातला तपशील काढून रस्त्यांची कामं किती अपुरी आहेत हे दाखवण्यावर जोर होता, आणि २०१५ च्या अखेरीस शासनाला टोल रद्द करावा लागला. कुठल्या एका पक्षाचं आंदोलन झालं असतं तर दुसऱ्या पक्षाने ते मोडलं असतं.

सोमवारी फाईल बघायला मिळते असं ऐकलं. काय घेऊन जायचं? — निवृत्त शिक्षक, कळंबा

हो. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. ओळखपत्र, वही, पेन्सिल आणि त्या परिपत्रकाची प्रत न्या, कारण टेबलावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. फाईलचं नाव आणि वर्ष आधी कळवलंत तर शोधण्यात वेळ जात नाही. आधी टिप्पणीची पानं वाचा. कोणत्या तारखेला कुणाच्या सहीने काम अडलं किंवा पुढे सरकलं ते तिथेच दिसतं. पानांवर क्रमांक नसतील तर ते घालून द्यायला सांगा, नाहीतर पुढच्या सोमवारी एखादं पान नसेल. हवी ती पानं क्रमांकासह वहीत लिहा आणि जाण्याआधी त्या पानांच्या साक्षांकित प्रतींसाठी अर्ज तिथेच देऊन पोच घ्या.